‘गैरहजर’ बँडमधला ठोंब्या

माझ्या धाकट्या भावाला सगळे ठोंब्या म्हणतात. हे नाव शाळेतल्या कवायतीच्या सरांनी ठेवलं. ‘डावीकडे वळ’ म्हटल्यावर सगळी रांग वळायची आणि हा पाच सेकंद समोरच बघत उभा राहायचा. मग सावकाश वळायचा, पण अगदी बरोबर कोनात. सर वैतागून म्हणाले, ठोंब्या आहेस नुसता. वर्ग हसला, हाही हसला, आणि घरी येऊन त्याने ही बातमी आईला आनंदाने सांगितली. आईने आठवडाभर सरांचा उद्धार केला आणि मग तीही त्याला ठोंब्याच म्हणायला लागली.

तर हा ठोंब्या एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. साधा रॉक नव्हे, इंडी रॉक. इंडी म्हणजे स्वतंत्र, असं मला समजावून सांगण्यात आलं. कोणापासून स्वतंत्र, ते मात्र कोणी सांगेना. सरावाला आमच्या दुकानाची मागची खोली, वीज आमची, चहा आईच्या हातचा, सामान न्यायला आमची गाडी आणि ती चालवायला मी. एवढं सगळं आयतं मिळालं तर उद्या मीसुद्धा स्वतंत्र होईन.

मी तिखट बोलते हे मला ठाऊक आहे. हिच्या जिभेला हाड नाही, असं माझी सासू म्हणायची, आणि दोन वर्षांत मी माहेरी परत आले तेव्हा तिचं अगदीच चुकत नव्हतं हे मलाही पटलं होतं. पण मी खोटं बोलत नाही. गिऱ्हाईक असलं तरी नाही. परवा एक बाई फ्रिज घेऊन आल्या. बर्फ सुटेना म्हणून त्यांनी सुरी खुपसली होती, आणि मला म्हणतात, आपोआप बंद पडला हो. मी म्हटलं, बाई, बंद पडला नाही, तुम्ही मारलात. त्या पुन्हा आल्या नाहीत. न येवोत.

आमचं दुकान फ्रिज दुरुस्तीचं. बाबांनी उभं केलं आणि ते गेल्यावर आम्हा दोघांवर पडलं. पुढे काउंटरवर मी, मागे कामाला ठोंब्या. बाबांचा एक नियम आम्ही अजून पाळतो. दुरुस्त झालेला फ्रिज लगेच परत करायचा नाही. मागच्या खोलीत पूर्ण एक दिवस आणि एक रात्र चालू ठेवायचा, मध्ये बंद करायचा नाही, आणि तेवढ्यात नीट गार झाला तरच गिऱ्हाइकाला फोन करायचा. त्यामुळे मागच्या खोलीत बाराही महिने पाच-सहा फ्रिज भिंतीला लागून गुणगुणत उभे असतात.

ठोंब्याच्या हाताला गुण आहे, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणत नाही, पण आहे. पेचकसाचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग पाच सेकंदांनी सांगायचं की गॅस कमी आहे, की आतली स्प्रिंग सुटली आहे, की काही झालेलं नाही, फ्रिज जमिनीवर वाकडा ठेवला आहे. बाबांना मीटर लावून जे अर्ध्या तासात कळायचं ते याला कानाने कळतं. दिवसाकाठी मोजून चाळीस शब्द बोलत असेल. त्यातले दहा ‘हो ताई’.

बँड निघाला नववीत. भूगोलाच्या तासाला तीन मुलं पळून गेली होती. पहिला हिरो. त्याचे केस चांगले होते आणि ते त्याला फार लवकर कळलं. दुसरा डॉक्टरांचा मुलगा, ज्याला मी डॉक्टरपुत्र म्हणते, कारण त्याखेरीज त्याने आयुष्यात दुसरं काही कमावलेलं नाही. तिसरा कासव. याला सगळ्या गोष्टींची घाई, म्हणून शाळेने उलटं नाव ठेवलं. बाईंनी हजेरी घेतली. ठोंब्या वर्गातच होता, शेवटच्या बाकावर, पण ‘हजर’ म्हणायला त्याला त्याचे पाच सेकंद लागले आणि तोवर बाई पुढच्या नावावर गेल्या. दुसऱ्या दिवशी चौघांना व्हरांड्यात उभं केलं. मी वर्गातच होतो असं हा बोललाच नाही. तिथे उभ्या उभ्या बँड स्थापन झाला आणि त्याचं नाव ठरलं ‘गैरहजर’. एकही तास न चुकवणारा माझा भाऊ असा गैरहजर झाला.

वाद्यांची वाटणी तिथेच झाली. हिरो गाणार, कारण केस. डॉक्टरपुत्राकडे गिटार होती. कासवाचे हात एरवीही बाकावर बडवत असायचे, त्याला ड्रम. उरलं ते ठोंब्याला. हिरोने त्याला सांगितलं म्हणे, की बेसकडे कोणी बघत नाही, पण तो नसला तर काहीतरी गेल्यासारखं वाटतं, म्हणून तो तुझा. हेही त्याने घरी येऊन आनंदाने सांगितलं.

आणि एक कायदा झाला. चारही हात वर झाल्याशिवाय काही करायचं नाही. गाणं घ्यायचं असो, टाकायचं असो, चहाबरोबर कोणती बिस्किटं आणायची असोत, हात वर. टीशर्ट काळे की निळे यावर तीन आठवडे गेले होते. ठोंब्याचा हात नेहमी सगळ्यांत शेवटी वर जायचा, पण जायचा. मी म्हणायचे, देशोदेशीचे कारभार याहून कमी विचारात चालतात.

गाण्यांबद्दल काय सांगू. गाणी हिरो लिहायचा. एकात ‘मी माझ्याच खोलीत हरवलेलं दार आहे’ अशी ओळ होती आणि ती तो चार वेळा म्हणायचा, दर वेळी जास्त दुःखाने. दार हरवलं असेल तर सुताराला बोलवावं. हिरो वडिलांच्या चपलांच्या दुकानात बसतो. बसतो म्हणजे खरंच नुसता बसतो. डॉक्टरपुत्राच्या पायाशी नऊ डब्या असायच्या, प्रत्येक दाबली की गिटारचा वेगळा आवाज. त्यातल्या सात मला सारख्याच वाटायच्या आणि माझी खात्री आहे की त्यालाही. कासव गाणं सुरू करायचा एका वेगात आणि संपवायचा दुप्पट वेगात. बाकीचे धापा टाकत मागे. त्या सगळ्या गोंधळात एकटा ठोंब्या जागचा हलायचा नाही. दाराच्या फटीतून मी बघायचे. डोळे मिटलेले, मान किंचित खाली, आणि चेहऱ्यावर असं काही सुख की आपलीच नजर चोरटी वाटावी. आठवड्याचे सहा दिवस तो माझा कामगार असायचा. रविवारी तीन ते सहा तो कोणीतरी असायचा. त्याला जगात ही एकच गोष्ट स्वतःची होती. हे मला चांगलं कळत होतं, म्हणून पुढचं सांगताना मला सबब सांगायची सोय नाही.

सुरुवातीला डॉक्टरपुत्राने सूर दाखवणारं एक छोटं यंत्र आणलं होतं. तार बरोबर लागली की हिरवा दिवा, चुकली की लाल. त्यांनी हिरवे दिवे लावून घेतले आणि वाजवायला सुरुवात केली, तर खोलीत कोणी पत्रा फरशीवर ओढतंय असं वाटायला लागलं. कारण सरळ होतं. भिंतीशी सहा फ्रिज चालू. सगळे फ्रिज एकाच सुरात गुणगुणतात. वीज सगळ्यांना एकच, म्हणून गुणगुणही एकच, हे बाबांनी आम्हाला लहानपणी सांगितलं होतं. आणि तो सूर यंत्रातल्या सुराच्या थोडा वर पडतो, म्हणून घासतो. फ्रिज बंद करायचे नाहीत हा बाबांचा नियम. मग ठोंब्याने काय करावं? काही न बोलता आपल्या तारा फ्रिजशी जुळवून टाकल्या. डॉक्टरपुत्राने ठोंब्याशी जुळवल्या. हिरोने त्यांच्याशी गळा जुळवला. एकदम सगळं गोड लागायला लागलं. यंत्र मात्र लाल. तेव्हा चार हात वर होऊन ठराव झाला की यंत्र बिघडलेलं आहे. फोनवर पाहिलं, तिथेही लाल. लगेच दुसरा ठराव, फोनही चुकतो. ते यंत्र कासवाने आपल्या भाचीला खेळायला देऊन टाकलं.

मी ठोंब्याला एकदा विचारलं, फ्रिजला जुळवतोस ना रे? तो म्हणाला, चालूच असतो ना तो, त्याच्याशी भांडून काय करू. त्याला वाटत होतं हे सगळ्यांना माहीत आहे. मला माहीत होतं की कोणालाच नाही. ही गंमत मी अकरा वर्षं जपून ठेवली. हे चौघे कुठे कार्यक्रमाला गेले की तिथे फ्रिज नसायचा, मग बाकीचे तिघे ठोंब्याभोवती उभे राहायचे. हा पाच सेकंद डोळे मिटायचा आणि तार छेडायचा. नेमका तोच सूर, केसाइतका फरक नाही. आमची अख्खी मागची खोली त्याच्या कानात होती.

त्याची बेस गिटार जुनी, कोणाची तरी टाकलेली. दांड्यावरचे पितळी पडदे झिजून करकरायचे, म्हणून त्याने ते एक दिवस पकडीने उपटून काढले, खाचा भरल्या आणि दांडा घासून गुळगुळीत केला. पडदे असले की बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर ठरलेला निघतो. पडदे गेले की सूर कानाने शोधावा लागतो. ठोंब्याचा कान असल्यावर त्याला पडदे हवेत कशाला.

आणि मग लोकांनी बँडला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. इंटरनेटवर लिहिणारा एक मनुष्य होता, त्याचे वाचक चाळीस, त्यात तो स्वतः. त्याने लिहिलं की ‘गैरहजर’चा सूर अस्वस्थ करतो, तो आपल्या ओळखीच्या सुरांमध्ये राहायला नकार देतो. हे वाचून हिरोला स्वतःबद्दल नवीनच माहिती मिळाली. पुढच्या मुलाखतीत तो म्हणाला की आम्ही रुळलेल्या सुरांना जाणीवपूर्वक नकार दिला आहे. त्याच्या पुढच्या मुलाखतीत, आमचा सूर जगाच्या जरासा वर आहे. हे बोलताना भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर. मी दुकानात ते ऐकून इतकी हसले की गिऱ्हाईक घाबरलं. मागे सहा फ्रिज जगाच्या जरासे वर गुणगुणत उभे होते.

असं करत करत एक निर्माता आला. गाणी ध्वनिमुद्रित करून सगळीकडे पाठवणाऱ्या एका मोठ्या कंपनीतला. हा गृहस्थ थर्मासमधून कोमट पाणी पितो आणि प्रत्येक वाक्यात ‘ऊर्जा’ म्हणतो. एका छोट्या कार्यक्रमात त्याने यांना ऐकलं आणि तीन गाणी करायला स्टुडिओत बोलावलं. तिन्ही गाण्यांत पियानो हवा, अशी त्याची अट. चार हात वर.

ठरलेल्या बुधवारी मी दुकान बंद ठेवून सगळं सामान गाडीत घातलं आणि यांना घेऊन गेले. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या लावलेली खोली, काचेपलीकडे बटणांचं भलंमोठं टेबल, आणि मध्ये एक काळा पियानो, आमच्या सर्वांत मोठ्या फ्रिजला आडवं केलं तर होईल एवढा. ठोंब्या त्याच्याभोवती एक चक्कर मारून आला. त्याने आदल्या रात्रीपासून जेवण नीट केलं नव्हतं. शर्ट इस्त्रीचा होता, आणि इस्त्री त्याने स्वतः केली होती. मला एका कोपऱ्यातली खुर्ची मिळाली.

स्टुडिओतल्या पियानोवाल्याने पहिला सूर दिला, यांनी सुरुवात केली, आणि पत्रा ओढल्याचा तो आवाज मला अकरा वर्षांनी पुन्हा ऐकू आला. निर्मात्याने थांबवलं. त्याने यांचा सूर यंत्रावर पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. म्हणाला की तुम्ही सगळे चुकलेले आहात, पण एकसारखे चुकलेले आहात, आणि इतकं नेमकं चुकणं मी आजवर पाहिलेलं नाही. हे मुद्दाम आहे का?

हिरोने मफलर सावरला आणि त्याची टकळी सुरू झाली. रुळलेले सूर, नकार, जगाच्या जरासा वर. आणि तो निर्माता ऐकत राहिला. खरंच ऐकत राहिला. डोळे मिटून त्याने यांना पियानोशिवाय वाजवायला लावलं आणि शेवटी म्हणाला की यात ऊर्जा आहे. पियानो तुमच्या सुरापर्यंत वर ओढून घेता येईल. पियानो लावणाऱ्याला दोन दिवस लागतील, कंपनी कुरकुर करेल, पण असं कोणी केलेलं नाही. करू या.

झालं होतं. सगळं झालं होतं. डॉक्टरपुत्राने कासवाच्या पाठीवर थाप मारली. ठोंब्या पियानोकडे बघत उभा होता, बेस पोटाशी धरून, आणि हसत होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. एवढंच काम होतं माझं.

पण हिरोला तिथे थांबवेना. निर्मात्याने विचारलं की हा सूर सापडला कसा, तर त्याने खिडकी नसलेल्या भिंतीकडे दूरवर बघितलं आणि सांगितलं की एकदा तो एकटाच डोंगरावर गेला होता, तीन दिवस कोणाशी बोलला नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे हा सूर त्याला आतून ऐकू आला. हा माणूस सहलीला जातानाही आईला बरोबर नेतो. माझ्या पोटातून जे हसू आलं ते मला दाबता आलं नाही, आणि दाबावंसंही वाटलं नाही.

"अहो, कसला डोंगर," मी म्हटलं, "आमच्या दुकानातल्या फ्रिजचा सूर आहे तो. अकरा वर्षं हे चौघे फ्रिजला तारा जुळवतायत."

मी हसत होते आणि बाकी कोणी हसत नव्हतं. निर्माता हिरोकडे वळला आणि त्याने शांतपणे विचारलं, म्हणजे तुम्हाला हे माहीतच नव्हतं? हिरोचे कान लाल झाले. मग त्याने मान वळवली आणि मागे बघितलं, आणि कुणाकडे बघितलं ते मला तेव्हाच कळलं.

"सूर लावायचं काम ठोंब्याचं आहे," तो म्हणाला. "आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला."

डॉक्टरपुत्राने मान डोलावली. कासव आपल्या काठ्यांकडे बघत बसला. अकरा वर्षं जो सूर हिरोचा होता तो एका क्षणात ठोंब्याचा झाला. मी बोलायला गेले, तर निर्मात्याने हात वर करून मला थांबवलं. फ्रिजसाठी पियानोचा सूर हलवण्यात त्याला आता रस नव्हता. तुम्ही पियानोला जुळवा, म्हणाला, आणि कामाला लागू.

पुन्हा हिरवे दिवे लावून घेतले गेले. डॉक्टरपुत्राच्या गिटारला पडदे, त्याला काही फरक पडला नाही. हिरोचा गळा तसाही जिकडे ढकलाल तिकडे जातो. ठोंब्यानेही तारा जुळवल्या, पण दांडा गुळगुळीत. वाजवायला लागला की बोट आपोआप थोडं वर सरकायचं, तिथे, जिथे अकरा वर्षं सरकत आलं होतं. चार वेळा गाणं घेतलं. चारही वेळा पत्रा ओढला गेला. शर्ट पाठीला चिकटला होता त्याचा. पाचव्या वेळेआधी निर्माता बाहेर आला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला की आमच्याकडे एक बेसवाले आहेत, तासाभरात तिन्ही गाणी वाजवून जातील, आणि पुढे कार्यक्रम ठरले तर तिथेही त्यांचीच सोय बरी पडेल. तुमचं तुम्ही ठरवा, उद्यापर्यंत कळवा.

परतताना तिघे डॉक्टरपुत्राने घरून मागवलेल्या गाडीतून गेले. ठोंब्या माझ्या शेजारी बसला. अर्ध्या वाटेत म्हणाला, पियानो छान होता. मी हो म्हटलं. एरवी मी एवढ्या वाटेत पंधरा जणांची सालं काढली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिघे दुकानात आले. ठोंब्या मागे एका तांब्याच्या नळीला डाग देत होता, काउंटर आणि मागची खोली यांमधलं दार उघडं होतं. हिरोने आज मफलर घातला नव्हता. त्याने बरंच बोलून घेतलं. मैत्री आपल्या जागी, शाळेपासूनचं नातं आपल्या जागी, बँडचं भलं, अशी संधी एकदाच, तू आमच्यातलाच राहशील. मुद्दा असा होता की ठोंब्याला बँडमधून काढायचं होतं, आणि कायद्याप्रमाणे चार हात लागत होते. तीन हातांनी ते काढू शकत नव्हते. म्हणजे त्याला काढण्यासाठी त्यांना त्याचाच हात हवा होता, आणि तो मागायला ते आले होते. असा निर्लज्जपणा पुरा करायलासुद्धा कायदा पाळणारी माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

हिरोचा हात वर गेला. मग डॉक्टरपुत्राचा. कासवाचा अर्धा वर गेला, थांबला, आणि गेला.

मी काउंटरमागे उभी होते. माझ्याजवळ बोलायला खूप होतं. तुमच्यात कान असलेला माणूस हा एकटा आहे. त्याचा कान काढून घेतला तर तुम्ही तीन हात आणि नऊ डब्या आहात. शब्द जुळवून तयार होते, जिभेवर होते. पण काल ज्या जिभेने हे केलं तिनेच आज त्याची बाजू घ्यायची, तर मी कोणत्या तोंडाने बोलणार? माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा मूग गिळून बसले, आणि नेमकं तिथे बसले जिथे बसायला नको होतं.

ठोंब्याने ज्योत बंद केली. हातातली नळी नीट बाजूला ठेवली, कोणाला चटका बसू नये अशी. पाच सेकंद तो समोर बघत राहिला. मला वाटलं, या वेळी नाही करणार. मग त्याने हात वर केला. कामाचा जाड मोजा तसाच होता.

कासव रडायला लागला. हिरो ‘थँक्स, यार’ म्हणाला. ठोंब्याने विचारलं, चहा घेणार का, आणि ते बसले हो. आईने केलेला चहा प्यायले. डॉक्टरपुत्राने दुसरं बिस्किट मागितलं.

गाणी निघाली. बरी आहेत म्हणतात. हिरोने नव्या मुलाखतीत सांगितलं की मोठं होणं म्हणजे जगाच्या सुरात येणं. त्या चाळीस वाचकांच्या माणसाने लिहिलं की पूर्वीची अस्वस्थता आता कुठेतरी गेल्यासारखी वाटते, आणि नवा बेसवादक सफाईदार आहे. ठोंब्याने ते वाचलं की नाही मला माहीत नाही. तो काम करत होता. ‘हो ताई’ म्हणत होता. जेवत होता. फक्त रविवारी तीन वाजले की हातातलं काम सोडून उभा राहायचा, मग पुन्हा बसायचा.

तीन-चार आठवडे मी एका प्रश्नाची वाट बघत होते. तू का बोललीस, असं तो विचारेल, आणि मी त्याची माफी मागेन. मोठी बहीण असले म्हणून काय झालं, मागेन. शब्दसुद्धा ठरवून ठेवले होते. एका रविवारी दुपारी मी मागे कागद शोधायला गेले, तेव्हा तो माझ्याकडे पाठ करून बसला होता. तसाच म्हणाला, "ताई, त्या दिवशी स्टुडिओत तू हसलीस ना, ते कोणावर?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. आणि याचं खरं उत्तर मला ठाऊक होतं. हिरोच्या डोंगरावर हसले, हे खरंच. पण त्या क्षणी माझी नजर ठोंब्यावर होती. इस्त्रीचा शर्ट, पोटाशी बेस, आणि तो एवढा थोरला काळा पियानो आपल्यासाठी जागचा हलणार म्हणून उजळलेला त्याचा चेहरा. आमच्या ठोंब्यासाठी पियानो हलणार. त्याचंच मला सगळ्यांत जास्त हसू आलं होतं.

"हिरोवर," मी म्हटलं. "दुसऱ्या कोणावर हसणार मी?"

तो वळला. पाच सेकंद माझ्याकडे बघत राहिला, आणि मी नजर हलू दिली नाही.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्यावर हसलीस." आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून मोकळं हसला.